चाकातला आवाज



ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर, राज्यघटनेवर आणि अर्थसंकल्पावर व्याख्याने होतात, तेथे मोटारीच्या चाकातून येणाऱ्या आवाजावर कोणी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना जरा चमत्कारिकच वाटत असेल. पण दहिसरसारख्या उपनगरात आज मोटार ही श्रीमंतीची खूण उरलेली नाही. आठवड्याचे पाच दिवस इमारतीच्या आवारात धूळ खात उभी राहणारी आणि रविवारी आजी-आजोबा, सून, नातवंडे व डबे अशा सर्वांना घेऊन वसईला, विरारला किंवा ठाण्याला निघणारी ती एक घरगुती वस्तू झाली आहे. इंजिन बिघडले म्हणजे अशी गाडी थांबते, आणि थांबली की मिस्त्रीला बोलवावेच लागते. चाकाचे तसे नाही. चाक बिघडले तरी फिरत राहते, आणि ते फिरत आहे तोवर सारे घर त्याच्यावर विसंबून प्रवास करीत असते. बिघाडाची वर्दी देणारी बहुधा एकच गोष्ट असते, ती म्हणजे आवाज. तो ऐकण्यात माणूस केवढी चूक करू शकतो, हे आम्ही स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलो आहोत.

हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एका संध्याकाळी पाऊस कोसळला आणि दहिसरच्या रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात पाणी भरले. पुढची गाडी गेली, म्हणून आम्हीही आमची घातली. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत होते. गाडी पार झाली, इंजिन बंद पडले नाही, आणि घरी येऊन आम्ही आपल्या सारथ्याची थोडी बढाईही मारली. पंधरा-वीस दिवसांनी महामार्गावर गाडी ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे गेली की एक बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. गणपतीपर्यंत तिची घरघर झाली. नवरात्रात मागे बसलेल्यांशी बोलताना आवाज चढवावा लागू लागला.

मग आम्ही गॅरेजांची वारी सुरू केली. पहिल्याने बॉनेट उघडून सांगितले की, इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसते ते ठोकळे गेले आहेत. ते बदलले, आवाज तसाच. दुसऱ्याने पुढचे दोन टायर झिजल्याचे दाखविले. टायर खरोखरच झिजलेले होते, म्हणून तेही बदलले, आवाज तसाच. तिसऱ्याने मान हलवून 'बेअरिंग' असा निर्णय दिला. तो अर्धा बरोबर होता. कोणत्या चाकाचे, असे त्याने आम्हालाच विचारले. आम्ही छातीठोकपणे सांगितले, पुढच्या उजव्या. त्याने हातोड्याने ठोकून जुने काढले, हातोड्यानेच ठोकून नवे बसविले. आवाज तसाच.

या सगळ्या काळात आमच्या शेजारच्या, म्हणजे पुढच्या डाव्या आसनावर बसून आमच्या सौभाग्यवती एकच गोष्ट सांगत होत्या. ठाण्याला बहिणीकडे जाताना घोडबंदरच्या रस्त्याने गायमुखचा घाट लागतो. तेथे त्या दोनदा म्हणाल्या, "अहो, रस्ता डावीकडे वळला की आवाज जातो, आणि उजवीकडे वळला की वाढतो." आम्ही "हूं" म्हणालो. त्यांना गाडी चालविता येत नाही, आणि आम्ही तीस वर्षे चालवीत आलो आहोत, एवढे कारण त्या 'हूं'ला पुरेसे होते. वास्तविक तीन गॅरेजे आणि एक गाडीमालक मिळून जे शोधीत होते, ते सगळे त्या एका वाक्यात आले होते. ते कसे, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या कानाविषयी. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपण दोन कानांच्या तुलनेने ठरवितो. एका कानाशी तो किंचित आधी पोचतो आणि किंचित मोठा असतो. उघड्या अंगणात हा हिशेब चांगला जुळतो. मोटारीत तो बिघडतो. चाकाची घरघर हा खालच्या स्वराचा आवाज. सेकंदाला शंभर कंपने धरली, तर हवेत त्याच्या एका लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर होते, कारण ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एवढी लांब लहर आपल्या डोक्याला सहज वळसा घालते, आणि दोन्ही कानांना आवाज जवळजवळ सारखाच लागतो. शिवाय तो हवेतून सरळ येतच नाही. चाकातून तो सस्पेन्शनच्या लोखंडात शिरतो, तेथून गाडीच्या पत्र्यात, आणि जो पत्रा सर्वांत सहज थरथरतो तेथून तो बाहेर पडतो. चाळीत एका खोलीत खलबत्ता चालला की आवाज तिसऱ्याच खोलीच्या भिंतीतून येतो, तसाच हा प्रकार. म्हणून 'आवाज पुढून उजवीकडून येतो' ही साक्ष फारशी ग्राह्य धरू नये. आम्ही ती दिली होती आणि तिच्यावर विसंबून एक निर्दोष बेअरिंग फुकट गेले.

आवाजाचे वर्णनही तितकेच फसवे. घरघर, गुणगुण, कुरकुर, कटकट, किरकिर, खडखड असे ध्वनिवाचक शब्द मराठीत हवे तेवढे आहेत, तरी एकाची घरघर ती दुसऱ्याची गुणगुण असते. गॅरेजात जाऊन तोंडाने आवाज काढून दाखविणारे गृहस्थ आपण पाहिले असतील. आम्हीही काढून दाखविला आहे. मिस्त्री तो गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो, यातच त्याचे सौजन्य दिसते. विचारण्यासारखा प्रश्न आवाज कसा आहे हा नसून तो केव्हा बदलतो, हा आहे. वेग, वळण, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि खालचा रस्ता या गोष्टी चालविणाऱ्याच्या बऱ्याच हातात असतात. एका वेळी एकच बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, आणि आवाज काय करतो ते ऐकावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की परीक्षा फसली.

आता या परीक्षांचा अर्थ लागण्यासाठी गाडीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. मुंबईकरांच्या दोन पिढ्यांना मोटार म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढे जिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले ती गाडी. ऑक्टोबर २०२३ अखेर या जातीच्या टॅक्सीनेही शहराचा निरोप घेतला. तिचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मधून एक लांब दांडा जाई. पुढच्या चाकांना फक्त फिरणे आणि वळणे एवढेच काम असे. मिस्त्री टोपण काढून आत नवे ग्रीस भरी, नट अंदाजाने आवळी, आणि चाक पुन्हा मुकाट फिरू लागे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ग्राहकांच्या हाती पडू लागली, आणि सामान्य घरात एक निराळीच रचना आली. इंजिन पुढे, आडवे बसविलेले, आणि ओढ पुढच्याच चाकांना. मधला लांब दांडा गेला, आतली जागा वाढली, वजन घटले, पेट्रोल वाचले. आज आपल्या आवारांत उभ्या असलेल्या बहुतेक लहान घरगुती गाड्या याच पद्धतीच्या आहेत. (सगळ्या मात्र नव्हेत. मारुतीच्याच ओम्नी व्हॅनची ओढ मागच्या चाकांना होती. आपली गाडी कोणत्या पद्धतीची हे माहीत नसेल तर आधी तेवढे विचारून घ्यावे.) या सोयीची किंमत पुढच्या चाकांनी भरली. वळणे, ओढणे, इंजिनाचे वजन पेलणे आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणे ही चारही कामे त्यांच्यावर पडली.

यांतले ओढणे आणि वळणे एकाच चाकाने एकाच वेळी करावयाचे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. फिरणाऱ्या दांड्याला सांधा देऊन वाकविण्याची युक्ती जुनी आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला. आपल्याकडच्या गॅरेजांत तिला 'क्रॉस' म्हणतात. पण या सांध्यात एक खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूने दांडा एकसारखा फिरविला, तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. तीस अंशांच्या वळणात हा फरक मूळ वेगाच्या ८७ टक्क्यांपासून ११५ टक्क्यांपर्यंत जातो. असा सांधा पुढच्या चाकाला लावला, तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात थडथडेल. त्यावर तोड काढण्यात युरोप-अमेरिकेतल्या अनेक इंजिनिअरांची वर्षे गेली. सीत्रोएन या फ्रेंच कंपनीने १९३४ साली पुढच्या चाकांच्या ओढीची गाडी मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. पण आज आपल्या गाड्यांत जो सांधा असतो त्याचे मूळ आल्फ्रेड झेप्पा या अमेरिकेतल्या इंजिनिअराच्या कल्पनेत आहे, आणि १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या छोट्या 'मिनी' गाडीने तो घरोघर पोचविला. यात एक वाटी, तिच्यात एक लहान गोळा आणि दोहोंवर कोरलेल्या खाचांतून फिरणाऱ्या सहा पोलादी गोळ्या असतात. सांधा कितीही वाकला तरी एक पिंजरा या गोळ्यांना दोन्ही दांड्यांमधला कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळीत धरून ठेवतो, आणि त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरतात.

हा सांधा ग्रीसमध्ये बुडालेला असतो आणि त्याच्यावर घड्या घड्यांचे एक रबरी आवरण असते. मिस्त्री त्याला 'बूट' म्हणतात. दिसायला ही अगदी क्षुल्लक वस्तू, पण सारे तिच्यावर अवलंबून. बूट फाटला की चाकाच्या गरगरीने ग्रीस बाहेर उडते आणि त्याच वाटेने पावसाचे पाणी आणि रस्त्याची रेती आत जाते. पुढे गोळ्यांच्या खाचा खाल्ल्या जातात आणि सांधा बोलू लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी काढली की 'कट्-कट्-कट्' असा आवाज येतो. गाडी सरळ झाली की तो थांबतो. इमारतीच्या आवारातून वळण घेऊन निघताना तो पहिल्यांदा ऐकू येतो, याचे कारण सांधा सर्वांत जास्त तेथेच वाकतो. परीक्षा करावयाची तर मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवावे, पहिल्या गिअरमध्ये सावकाश रिंगण घ्यावे, मग दुसऱ्या बाजूस. घरातल्या कोणाला तरी बाहेर सुरक्षित अंतरावर उभे करून कोणत्या चाकाशी आवाज येतो ते ऐकावयास सांगावे. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचे चाक दोषी निघते, पण त्या नियमावर डोळे मिटून पैसे खर्चू नयेत. याच दांड्याच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या टोकालाही एक सांधा असतो. तो गेला की कटकट होत नाही. ॲक्सिलरेटर दाबून वेग घेताना गाडी अंग थरथरविते आणि पाय काढला की शांत होते.

येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. बूट फाटल्याबरोबर बदलला तर खर्च बूट, ग्रीस आणि मजुरी एवढाच असतो. कटकट सुरू झाल्यावर सांधाच बदलावा लागतो, कित्येकदा सबंध दांडा. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा स्टिअरिंग वळवून, वाकून चाकाच्या आतल्या बाजूस पाहावे. रिमच्या आतल्या अंगावर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटला आहे असे समजावे. या तपासणीला एक मिनिट पुरे, आणि हत्यार लागते ते फक्त कमरेचे.

आमच्या गाडीची कटकट नव्हती, घरघर होती. शेवटी चेकनाक्याच्या बाजूच्या एका वयस्क मिस्त्रींचे नाव एका शेजाऱ्यांनी सांगितले. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. "साहेब, चावी द्या, आणि तुम्ही मागे बसा," असे म्हणून ते स्वतः चालवावयास बसले. आमच्या पत्नीला त्यांनी पुढच्या आसनावर नेहमीच्या जागी बसविले.

महामार्गावर रस्ता मोकळा पाहून त्यांनी ताशी साठाचा वेग घेतला आणि इंजिन चालू ठेवूनच गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिनाचे फेरे उतरले. घरघर उतरली नाही. इंजिन आणि त्याचे ठोकळे या एका क्षणात निर्दोष सुटले. (हे करताना चावी कधीही बंद करू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, आणि चावी काढली तर स्टिअरिंगला कुलूप लागून अनर्थ होऊ शकतो.) मग त्यांनी ब्रेकवर पाय हलकेच टेकविला. ब्रेकची पट्टी झिजली की आत बसविलेली एक पातळ लोखंडी जीभ डिस्कला घासून किंचाळते, आणि तो आवाज ब्रेक दाबला की बदलतो. येथे काहीच बदलले नाही. ब्रेकही सुटले.

राहिले टायर आणि बेअरिंग. या दोघांचे आवाज सख्ख्या भावांसारखे सारखे असतात आणि निम्मे लोक येथेच फसतात. टायर एकसारखा न झिजता त्याच्या ठोकळ्यांना करवतीच्या दातांसारखी धार आली की तो घरघरतो. तळहात टायरवरून एका दिशेने फिरविला तर गुळगुळीत आणि उलट दिशेने खरबरीत लागला, म्हणजे हे ओळखावे. टायरची घरघर रस्त्यागणिक बदलते. बेअरिंगला खालचा रस्ता कोणता याचे सोयरसुतक नसते. दहिसरकरांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या पुढच्या अहमदाबाद महामार्गावर अलीकडे डांबरावर काँक्रीटचा थर चढविण्यात आला आहे. काँक्रीटच्या रस्त्याला पकड यावी म्हणून आडव्या बारीक रेघा ओढतात, आणि त्या रेघांवरून चांगल्यातले चांगले टायरही गुणगुणतात. वसईला जाताना आवाज आणि बोरिवलीला जाताना शांतता, असे असेल तर गाडीला औषध देण्याची गरज नाही. शंका उरलीच, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालावेत. आवाजाची जागा किंवा जात बदलली तर टायर, न बदलली तर बेअरिंग. दुसऱ्या गॅरेजने नवे टायर घालण्याआधी एवढी अदलाबदल केली असती, तर आमचे पैसे वाचले असते. टायर झिजले होतेच, असे म्हणून आम्ही आपले समाधान करून घेतो.

मग मिस्त्रींनी आमच्या पत्नीला विचारले, "वहिनी, आवाज कधी कमी होतो का हो?" साडेतीन महिन्यांत हा प्रश्न त्यांना प्रथमच कोणी विचारला होता. त्यांनी गायमुखची गोष्ट सांगितली. मिस्त्री एवढेच म्हणाले, "मग डावं."

हे उत्तर कसे आले ते सांगतो. बस डावीकडे वळते तेव्हा उभा उतारू उजवीकडे कलतो. गाडीचेही तसेच: डाव्या वळणावर तिचा भार उजव्या चाकांवर जातो आणि डावी चाके हलकी होतात. उजव्या वळणावर उलट. बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्यांमध्ये फिरणाऱ्या गोळ्या. कड्यांचा पृष्ठभाग आरशासारखा असतो तोवर त्या मुकाट फिरतात. त्याच्यावर गंजाचे किंवा माराचे खड्डे पडले की प्रत्येक गोळी प्रत्येक खड्ड्यावरून जाताना ठेचकाळते. मध्यम आकाराच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आतबाहेर असतो, म्हणजे ताशी साठाच्या वेगाला चाक मिनिटाला पाचशेहून थोडे अधिक फेरे घेते. त्यांतल्या प्रत्येक फेऱ्यात अनेक गोळ्यांच्या अनेक ठेचा मिळून ती घरघर होते. भार वाढला की ठेच जोराची, भार उतरला की हलकी. उजव्या वळणावर वाढणारा आणि डाव्या वळणावर विरणारा आवाज म्हणून डाव्या बेअरिंगचा. आम्ही मात्र त्याला पुढचे उजवे म्हणत होतो.

डावे, पण पुढचे की मागचे? हे वळणावरून कळत नाही. त्यासाठी मिस्त्रींनी सपाट जमिनीवर बाकीच्या चाकांना अटकाव घालून पुढचे डावे चाक उचलले आणि जॅकवर न विसंबता खाली लोखंडी स्टँड लावला. गाडी न्यूट्रलमध्ये. एका हाताने चाक फिरविले आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवली. "वहिनी, इथं हात ठेवा." स्प्रिंगमध्ये वाळू दळल्यासारखी थरथर जाणवत होती. मागचे डावे चाक उचलून तसेच केले, तेथे काही नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, तिच्यातूनच पुढे स्टेथॉस्कोप निघाला. येथे ती स्प्रिंगच सुरळीचे काम करीत होती.

त्यांनी आणखी एक परीक्षा केली. चाक वर आणि खाली धरून हलवून पाहिले. किंचित खेळ होता. आमच्याकडून ब्रेक दाबून घेतला आणि पुन्हा हलविले, खेळ गेला. ब्रेक दाबल्याने हब आणि त्याची बैठक एकमेकांना जखडली जातात, म्हणून खेळ गेला तर दोष बेअरिंगचा. खेळ तसाच राहिला असता, तर तो खालच्या बॉल-जॉइंटचा किंवा सस्पेन्शनचा ठरला असता. चाक डावी-उजवीकडे धरून हलविल्यावर खेळ लागला, तर स्टिअरिंगचे दांडे पाहावे लागतात.

जुने बेअरिंग निघाले तेव्हा त्यातून ग्रीसऐवजी चहाच्या रंगाचा चिखल आला. आता जुलैतली ती संध्याकाळ आठवा. महामार्गावरून ब्रेक लावीत आलेल्या गाडीचे हब तापलेले असते. ते एकदम गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. बेअरिंग त्या दिवशी काहीच बोलत नाही. गंज सावकाश चढतो, पावसाळ्यातले खड्डे त्याच्यावर घाव घालतात, आणि आवाज महिन्याने येतो. तोवर भुयारी रस्ता विस्मरणात गेलेला असतो. दहिसर नदी तुळशी तलावाच्या डोंगरातून निघते आणि थोडक्या मैलांत मनोरीच्या खाडीला मिळते. वरून पाऊस आणि खालून भरती एकदम आली की पाणी आपल्या गल्ल्यांत थांबणारच. ते चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडी घालू नये. घालावी लागलीच, तर पुढचे दोन महिने कान उघडे ठेवावेत.

नवे बेअरिंग मिस्त्रींनी हातोड्याने ठोकले नाही. दाबयंत्राखाली, बाहेरच्या कड्यावर जोर देऊन ते सरळ बसविले. आतल्या कड्यावर मार बसला तर गोळ्या कड्याला खळगे पाडतात, आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच रोगी होते. आमच्या उजव्या बाजूच्या, विनाकारण बदललेल्या आणि हातोड्याने ठोकलेल्या बेअरिंगने सहा महिन्यांत हे सिद्ध करून दाखविले. ज्या गाड्यांत ब्रेकला एबीएसची सोय असते, त्यांतल्या पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ते उलटे बसले तर चाक फिरते, पण समोरचा दिवा पेटतो. म्हणून काम देण्यापूर्वी गॅरेजवाल्याला 'दाबयंत्र आहे का' एवढे अवश्य विचारावे. प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

किती दिवस चालवावे, असे काही जण विचारतील. नुसती गुणगुण असेल तर गाडी हळू चालवून गॅरेजपर्यंत न्यावी. कोकणात नेऊ नये. घरघरीबरोबर स्टिअरिंगमध्ये थरथर आली, चाकाजवळ जळका वास आला किंवा रिम शेजारच्या चाकापेक्षा फार तापलेले वाटले, तर गाडी जागेवर उभी करून उचलून न्यावी. वेगाबरोबर वाढणारी 'खट्-खट्' ऐकू आली तर घरी पोचण्याचीही वाट पाहू नये. बाजूला थांबून आधी चाकाचे नट पाहावेत. चाक नुकतेच काढून बसविलेले असेल तर विशेषच. आणि शंभर-एक किलोमीटर गेल्यावर ते नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत. पुष्कळदा ती खट्खट् टायरमध्ये रुतलेल्या खड्याची निघते, आणि रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिली दोन मिनिटे खरखरतात तो डिस्कवरचा गंज असतो. अशा वेळी आपण हसून पुढे जावे.

ते चहाच्या रंगाचे बेअरिंग मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळून आमच्या पत्नीच्या हाती दिले, आमच्या नव्हे. आज त्यांच्या परवानगीने ते येथे आणून टेबलावर ठेवले आहे, शेजारी एक नवेही आहे. व्याख्यानानंतर ज्यांना दोन्ही हाताने फिरवून फरक अनुभवावयाचा असेल त्यांनी पुढे यावे. हाताला काळे लागेल, म्हणून चिंध्याही आणल्या आहेत.